जोडताऱ्यांचे रंग: ८० मिमी भिंग की सहा इंची आरसा?

‘जितकी मोठी तितकी चांगली’ हा दुर्बीण घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला. जोडताऱ्यांचे, म्हणजे नुसत्या डोळ्याला एकच पण दुर्बिणीतून दोन दिसणाऱ्या ताऱ्यांचे, रंग पाहायचे असतील तर तो अर्धाच खरा. आमच्या गच्चीवर दोन दुर्बिणी असतात: ८० मिमी भिंगाची, ९०० मिमी नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा जिथे उमटते तिथपर्यंतचं अंतर), आणि १५० मिमी म्हणजे सहा इंची आरशाची, १२०० मिमीची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण.

सुरुवात हंस तारकासमूहातल्या अल्बिरिओ या जोडताऱ्याने करू. तो आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातो, पण ऐन पावसाळ्यात. हाती लागतो तो ऑक्टोबरातल्या संध्याकाळी. दोन ताऱ्यांत सुमारे ३५ विकलांचं अंतर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे २५ मिमीचा आयपीस, अर्थात डोळ्याजवळचं भिंग, लावला की दोन्ही दुर्बिणींत तारे वेगळे दिसतात. भिंगात ३६ पट वर्धनाला मोठा तारा केशरी पेढ्यासारखा आणि धाकटा स्वच्छ निळा दिसतो. आरशात तेच दृश्य साडेतीन पट उजळ, आणि गंमत म्हणजे रंग थोडे फिकट. तेजस्वी ठिपका डोळ्याला पांढराच वाटू लागतो. अशा वेळी फोकस किंचित बिघडवायचा. ठिपक्याची चकती झाली की रंग परत येतो.

भिंग सगळे रंग एकाच जागी आणत नाही, म्हणून भिंगाच्या दुर्बिणीवर ताऱ्याभोवतीच्या जांभळ्या झालरीचा आरोप होतो. तो खरा आहे, पण अल्बिरिओपुरता बिनमहत्त्वाचा: केशरी ताऱ्याच्या प्रकाशात निळं-जांभळं असतंच किती? झालर खटकते ती मृगातल्या रिगेलसारख्या निळ्या-पांढऱ्या, तेजस्वी ताऱ्याभोवती. तिथे शेजारी साडेनऊ विकलांवर बसलेल्या सातव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) जोडीदाराचा खरा रंग कोणता आणि भिंगाचा कोणता, हे सांगता येत नाही. आरसा असा रंग मिसळत नाही. ४०० मिमी नाभीय अंतराची आखूड ८० मिमी कुणी स्वस्तात देत असेल तर या कामासाठी घेऊ नका. तिची झालर अभिजितभोवतीही डोळ्यांत भरते.

देवयानीतला अल्माक डिसेंबरात बघा. अंतर दहा विकलांहून जरा कमी, १० मिमीचा आयपीस हवा. इथे मोठ्या आरशाचा फायदा होतो: पाचव्या प्रतीच्या जोडीदाराला रंग चढायला पुरेसा प्रकाश मिळतो. कर्क राशीतल्या आयोटा नावाच्या जोडताऱ्यातला साडेसहाव्या प्रतीचा जोडीदार तर ८० मिमीत मला राखाडीच दिसतो, सहा इंचीत निळसर. अल्माकचा जोडीदार काहींना हिरवा वाटतो. ती सोनेरी शेजाऱ्याची करामत, एकटा पाहिला तर तो निळसर-पांढराच. रंगांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वडिलांनी अल्बिरिओ पाहिला आणि विचारलं, ‘हा आधी इतका निळा का नव्हता?’

आरशाची कटकटही आहे. आरशांची जुळवणी, म्हणजे कोलिमेशन, बिघडली तर तारे धूमकेतूसारखे शेपटाळतात. शिवाय दिवसभर तापलेल्या गच्चीवर तो थंड व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. भिंगाची बाहेर काढली की पाच-दहा मिनिटांत तयार, पण तारा डोक्यावर असेल तर आयपीस पार खाली येतो आणि फरशीवर मांडी घालावी लागते.

तरी माझं मत सहा इंचीला, आणि त्याचं कारण तिच्या झाकणात आहे. पुष्कळ न्यूटोनियन (डॉब्सोनियनसारख्या, आरशाच्या) दुर्बिणींच्या मोठ्या झाकणात एक छोटी टोपी असते. तेवढीच काढून मोठं झाकण नळीवर ठेवा, म्हणजे प्रकाश बाजूच्या लहान भोकातून येतो. भोक दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाशी मधोमध बसवलेला छोटा आरसा) आणि त्याच्या आधारपट्ट्या टाळत असेल तर ताऱ्याला काटे फुटत नाहीत, झालरही नाही, आणि अल्बिरिओचा केशरी पुन्हा गडद होतो. टोपी नसेल तर पुठ्ठ्याला ५० मिमीचं भोक पाडा.

जिन्याने तीन मजले चढून न्यायची असेल तर मात्र ८० मिमीचीच घ्या. डॉब्सोनियनची नळी एक फेरी, बैठक दुसरी, आणि आयपीसचा डबा खालीच राहिला म्हणून तिसरी.