स्टेजवरची पंधरा मिनिटं की कडेचं टेबल?

जानेवारी जवळ आला की किनाऱ्यावरच्या संगीत महोत्सवांच्या तारखा लागायला लागतात, आणि एनएसएसची (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं, युवा मंडळं यांच्याकडून एकच विचारणा येते. समानतेचा विषय तरुणांपर्यंत न्यायचाय. आयोजक स्टेजवर पंधरा मिनिटं द्यायला तयार आहेत, नाहीतर मैदानाच्या कडेला एक टेबल. काय घ्यावं? आमच्या गटाने दोन्ही करून बघितलंय. मी बोलतोय ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या गावी होणाऱ्या महोत्सवांबद्दल. गोव्याकडच्या तिकीटवाल्या फेस्टिव्हलचं गणित वेगळं असणार.

स्टेजचा मोह खोटा नाही. माइक, लाइट, समोर गर्दी. फोटो झकास येतात आणि पुढच्या वर्षी देणगीदारांना दाखवता येतात. जो पोरगा उभ्या जन्मात आपल्या टेबलाकडे फिरकला नसता, त्याच्याही कानावर चार शब्द पडतात. आणि तुमच्यात गाणारं कुणी असेल तर मग बोलायलाच नको. आंबेडकरी जलशांनी भाषणाचं काम गाण्याकडून करून घेतलं, ते उगाच नाही. इथली पोरं तर शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांतले सवाल-जबाब आणि डबलबारी भजनांचे सामने ऐकत वाढलेली. सुरात मारलेला टोमणा त्यांना बरोबर लागतो. आमच्यातल्या एकीने जाखडी नाचातल्या गाण्याच्या चालीवर ‘भांडी कोणी घासायची’ असा सवाल टाकला, तेव्हा शिट्ट्या तर पडल्याच, पण मागून एकाने तिथल्या तिथे उलटा जबाबही दिला. असं काही जमत असेल तर खुशाल स्टेज घ्या.

नुसतंच बोलणारे असाल तर जरा थांबा. आपल्याला मिळणारी पंधरा मिनिटं म्हणजे दोन बँडच्या मधली मिनिटं. मागे ड्रमवाला ढम ढम करून बघतोय, साउंडवाला ‘चेक, चेक’ म्हणतोय, आणि आपण त्यावर राज्यघटना सांगतोय.

तेही मी चालवून घेतलं असतं. माझं मत फिरलं ते एसटीमुळे.

कागदावर आमची वेळ संध्याकाळी साडेसातची होती. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे सत्कार, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार, मग पुन्हा उशिरा आलेल्या पाहुण्यांचे सत्कार. आमचं नाव पुकारलं तेव्हा नऊ वाजायला आले होते. दहाला स्पीकर बंद करायचा असतो, म्हणून वर ‘सर, पाचात आटपा’. माइक हातात घेऊन समोर बघितलं तर पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत मुलगेच. बाइकवाले. वाडी-वस्तीवरच्या मुली शेवटच्या गाडीने कधीच गेलेल्या, गावातल्यांना घरून फोन सुरू झालेले. मुलींनी संध्याकाळी बाहेर किती वेळ थांबायचं हे कोण ठरवतं, हाच माझा मुद्दा, आणि ज्यांनी त्यावर तोंड उघडायला हवं होतं त्या घाटीच्या वळणावर एसटीत बसलेल्या. यात कुणाची नियत वाईट नव्हती. कार्यक्रम लांबला की पहिली कात्री सामाजिक संदेशाला लागते, एवढंच. पुढे दुसऱ्या एका महोत्सवातही हेच झालं, तेव्हा मी स्टेज मागणं सोडलं.

टेबल दुपारी चारपासून मांडता येतं. तेव्हा साउंड टेस्टिंग चाललेलं असतं, मुली लवकर आलेल्या असतात, आणि गाडीपर्यंत वेळ असतो. आम्ही एक कार्ड ठेवतो: ‘महाडला गाडी कशासाठी थांबते?’ उत्तरं यायची ती वडापाव, चहा, लघवी. मग कार्ड उलटायचं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात झाला १९२३ मध्ये, महाड नगरपालिकेनेही त्याला १९२४ मध्ये मान्यता दिली, आणि तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्याच्याखाली घटनेचं पंधरावं कलम. विहिरी, तळी, स्नानघाट यांच्याबरोबर त्यात सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही आहेत. म्हणजे पोरगं ज्या वाळूत उभं आहे ती जागासुद्धा. हे कळल्यावर एकाने लगेच विचारलं, “मग आमच्या गावच्या देवळाच्या कार्यक्रमात रांगा वेगळ्या का?” स्टेजवरून हा प्रश्न मला कधी ऐकू आला नसता.

दुसरी चीज चिठ्ठ्यांचा खोका. घोळक्याने येतात तेव्हा एकच बडबड्या बोलतो, बाकीचे हसतात. खोका ठेवला की घोळका पांगल्यावर चिठ्ठ्या पडतात. निम्म्या टवाळीच्या असतात, त्या सोडा. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मुलाला मुलगा आवडणं हा आजार आहे का? डॉक्टरला दाखवायला सांगतात.’ खाली नाव नाही, मग उत्तर कुणाला द्यायचं? आम्ही ते मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या पुढे लावलं: जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातूनही वगळले. संध्याकाळभर त्या कागदापुढे कोण ना कोण मोबाइलवर बोलत असल्याचं दाखवत उभं राहत होतं.

टेबलाची दुखणीही आहेतच. खाऱ्या हवेने पत्रकं मऊ पडतात आणि वाऱ्याने उडतात, त्यामुळे जाड पुठ्ठ्याची कार्डंच छापा. आधीच पटलेली माणसं येऊन तासभर गप्पा मारत बसतात आणि नव्याला उभं राहायला जागा उरत नाही. त्यांना गोडीत कामाला लावा. एकूण माणसं मोजाल तर स्टेजसमोर ती कितीतरी जास्त असतील, हे मान्य. अहवालात आकडा दाखवायचाच असेल तर तुमचा कौल स्टेजकडे जाईल, आणि त्यात चूक काही नाही. तुमच्या गावी शेवटची गाडी उशिरापर्यंत असेल, तर माझा अर्धा आक्षेप तिथेच संपतो.

टेबल घ्यायचं ठरलंच तर जागा स्वतः जाऊन बघा. स्पीकरच्या भिंतीजवळ नको, तिथे छातीत धडधडतं पण ऐकू काही येत नाही. कोकम सरबताच्या गाडीशेजारची मिळाली तर सोडू नका, पोरं तिथे आपोआप रेंगाळतात. वाळूत अजिबात नको: व्हीलचेअरचं चाक रुततं, आणि समानतेच्या टेबलापर्यंत त्यावर बसलेल्या माणसालाच येता येत नाही. डांबरी रस्ता संपतो तिथली कड मागा. लाइटचं कनेक्शन मात्र अर्जात लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबलात, तर सात वाजल्यापासून मोबाइलच्या टॉर्चवर चिठ्ठ्या वाचत बसाल.