‘टेक’साठी तुर्कीत कोणतं क्रियापद: घ्यायचं, न्यायचं, काढायचं की बसायचं?

आपल्यापैकी बहुतेकांचं तुर्की शिकणं इंग्रजीमार्गे होतं. ॲप इंग्रजीतलं, शब्दकोश इंग्रजी-तुर्की, व्याकरणाचं पुस्तकही इंग्रजीच. त्यामुळे ‘टेक’ या क्रियापदापाशी प्रत्येक जण अडतो. शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला शब्द येतो आलमाक. तो उचलून सगळीकडे वापरला की बस विकत घेतली जाते, परीक्षा खरेदी होते आणि फोटो नुसता हातात घेतला जातो. बसपासून फोटोपर्यंत इंग्रजीचा ‘टेक’ एकच असला, तरी त्याची कामं तुर्कीत डझनभर क्रियापदांत वाटली गेली आहेत.

मराठी माणसाने वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावं आणि मगच तुर्की क्रियापद निवडावं, असा आमचा ठाम सल्ला आहे. घेणे, नेणे, काढणे, लागणे ही वाटणी मराठीत आधीच झालेली असते आणि ती बऱ्याच ठिकाणी तुर्कीच्या वाटणीशी जुळते. जिथे जुळत नाही त्या जागा मोजक्या आहेत. त्याही पुढे दिल्या आहेत, कारण नेमक्या तिथे मराठीच फसवते.

लेखनाबद्दल थोडं. तुर्की १९२८पासून लॅटिन लिपीत लिहिली जाते. इथे सगळं देवनागरीत आहे, म्हणून काही स्वर अंदाजे समजावेत. टिंब नसलेला ‘इ’ हा आपल्या अ आणि इ यांच्या मधला, जीभ मागे ओढून काढायचा स्वर आहे. इथे तो ‘इ’नेच दाखवला आहे. ‘ग्यो’ किंवा ‘स्यु’ असं दिसेल तिथे ओठांचा उ-ओसारखा चंबू करून आतून ए-ई म्हणायचं. क्रियापदाच्या शेवटचं माक किंवा मेक म्हणजे आपलं ‘-णे’.

आलमाक आणि ग्योत्युर्मेक: घेणे की नेणे

इंग्रजीत पुस्तकही ‘टेक’ करतात आणि मुलाला शाळेतही ‘टेक’ करतात. मराठीत असा गोंधळ होत नाही: पुस्तक घेतो, मुलाला नेतो. तुर्कीतही तसंच. वस्तू आपल्या ताब्यात आली तर आलमाक, बोलणाऱ्यापासून दूर कुठे पोहोचवली तर ग्योत्युर्मेक, इकडे आणली तर गेतिर्मेक. नेणे-आणणे ही जोडी इतकी तंतोतंत बसते की इथे विचार करावाच लागत नाही.

व्यवहारात हा फरक टॅक्सीत लगेच कळतो. ‘बेनी हावाआलानिना ग्योत्युर्युन’ म्हणजे मला विमानतळावर न्या. ‘बेनी इस्तास्योंदान आल’ म्हणजे मला स्टेशनवरून घे, अर्थात घ्यायला ये. दोन्ही वाक्यांत माणूसच हलतो. पहिल्यात जाण्याचं ठिकाण महत्त्वाचं, म्हणून त्याला ‘-आ/-ए’ हा प्रत्यय (आपला ‘-ला’ किंवा ‘-कडे’). दुसऱ्यात निघण्याचं ठिकाण महत्त्वाचं, म्हणून ‘-दान/-देन’ (आपला ‘-हून’). क्रियापद बरोबर आणि प्रत्यय चुकीचा असेल, तर ऐकणारा उलट दिशा धरतो. दोन्ही जोडीनेच पाठ करावेत.

छत्री सोबत घे म्हणायचं असेल तर ग्योत्युर्मेक नको: ‘शेम्सियेनी यानिना आल’, शब्दशः ‘आपल्या बाजूला घे’. मराठीची ‘सोबत घेणे’ ही रचना इथे थेट चालते.

आलमाकचा दुसरा अर्थ विकत घेणे हा आहे. ‘किताप आल्दिम’ ऐकल्यावर तुर्की माणूस पुस्तक खरेदी केलं असंच समजतो, जसं आपण ‘काल नवी साडी घेतली’ ऐकून समजतो. खरेदी ठासून सांगायची असेल तर ‘सातिन आलमाक’. बाजारहाटाला ते आलिशवेरिश म्हणतात, म्हणजे घेणं आणि देणं. आपल्या देवघेवीची हीच जुळणी, क्रम तेवढा उलटा.

आलमाकच्या कितीतरी वाक्प्रचारांत मराठी शब्दाला शब्द लावून चालते. नेफेस आलमाक म्हणजे श्वास घेणे, बोर्च आलमाक म्हणजे कर्ज घेणे, इंतिकाम आलमाक म्हणजे सूड घेणे. शिंप्याने माप घेणे म्हणजे ओल्च्यु आलमाक. दिक्काते आलमाक म्हणजे लक्षात घेणे, एले आलमाक म्हणजे (विषय) हाती घेणे, आणि हाफिफे आलमाक म्हणजे चक्क हलक्यात घेणे! हाफिफ म्हणजे हलका. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्प्रचार घोकावे लागतात, आपल्याला नुसती ओळख पटवावी लागते. लग्नाच्या बोलण्यात मुलगी घेणे आणि मुलगी देणे यालाही ते किझ आलमाक, किझ वेर्मेक असंच म्हणतात.

वाहन: बिनमेक की तुतमाक

इथे आलमाक सर्वांत महागात पडतो. ‘ओतोब्युस आल्दिम’ याचा सरळ अर्थ मी बस विकत घेतली. प्रवासासाठी क्रियापद बिनमेक, म्हणजे चढणे, बसणे. आपण ‘बसमध्ये बसलो’ म्हणतो, ते ‘बसला चढलो’ म्हणतात: ओतोब्युसे बिन्दिम. टॅक्सीचं ताक्सिये, ट्रेनचं त्रेने, बोटीचं वापुरा. चढताना ‘-आ/-ए’, उतरताना इनमेकसोबत ‘-दान/-देन’: ओतोब्युस्तेन इन्दिम.

टॅक्सीच्या बाबतीत दोन पर्याय आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘ताक्सिये बिन्दिम’ म्हणजे टॅक्सीत बसलो. ‘ताक्सी तुत्तुम’ म्हणजे टॅक्सी केली, आपण रिक्षा करतो तशी. तुतमाकचा मूळ अर्थ धरणे, पण भाड्याने ठरवण्यासाठीही तोच वापरतात, त्यामुळे एव तुतमाक म्हणजे घर भाड्याने घेणे. शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधीच पक्कं करावं. घर शोधताना ‘एव आलमाक इस्तियोरुम’ म्हटलं तर समोरचा एजंट विक्रीचे फ्लॅट दाखवायला लागेल.

वेळ: स्युर्मेक

प्रवासाला वेळ ‘लागतो’ म्हणतो तिथे स्युर्मेक. ‘ने कादार स्युरेर?’ म्हणजे किती वेळ लागतो? इस्तंबूलमध्ये एमिनोन्युहून कादिक्योयला बोटीने साधारण २० मिनिटं लागतात, तर ‘यिर्मी दाकिका स्युरेर’. एखाद्या कामाने वेळ खाल्ला असं म्हणायचं असेल तर मात्र ‘चोक झामान आल्दि’. मराठीतही ‘लागला’ आणि ‘घेतला’ असे दोन्ही प्रयोग आहेत आणि छटाही जवळपास तीच: प्रवास, सिनेमा, बैठक यांना लागतो, किचकट काम वेळ घेतं. लोणी लावणे, क्रीम लावणे आणि गाडी चालवणे यांनाही स्युर्मेकच म्हणतात, त्यामुळे वाक्यात मिनिटं किंवा तास दिसले तरच ‘लागणे’ समजावं.

चेकमेक: मराठीचं ‘काढणे’, पण सगळीकडे नाही

चेकमेक म्हणजे ओढणे. इंग्रजीमार्गे येणाऱ्याला फोटो ‘ओढायचा’ कसा हे कोडं वाटतं. मराठीतून आलात तर ‘काढणे’ हा एक शब्द बरंच काम करतो:

फोटो काढणे – फोतोराफ चेकमेक
एटीएममधून पैसे काढणे – पारा चेकमेक
दात काढणे – दिश चेकमेक
एक्स-रे काढणे – र्योंतगेन चेकमेक
झेरॉक्स काढणे – फोतोकोपी चेकमेक

पाचांपैकी पाच. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण तीन ठिकाणी वाट फुटते.

पहिली, बूट किंवा कोट काढणे. तिथे चिकारमाक, म्हणजे बाहेर काढणे. मशिदीच्या किंवा घराच्या दाराशी ‘आयाक्काबिलारिनिझि चिकारिन’ असं ऐकाल. दुसरी, चित्र काढणे. रेसिम म्हणजे चित्र, पण बोलण्यात रेसिम हा शब्द फोटोलाही वापरतात, म्हणून ‘रेसिम चेकमेक’ म्हणजे फोटो काढणेच. कागदावर चित्र काढायचं तर रेसिम यापमाक किंवा चिझमेक. चित्रकलेची आवड सांगताना चेकमेक वापरलं, तर पुढचा प्रश्न कोणता कॅमेरा वापरता असा येणार.

तिसरी वाट सर्वांत जास्त चुकते: काम दुसऱ्याने केलं असेल तर क्रियापदात ‘-तिर’ घालावा लागतो. दंतवैद्याकडे जाऊन ‘दिशिमी चेकतिम’ म्हटलं तर स्वतःचा दात स्वतः उपटल्यासारखं होतं. ‘दिशिमी चेकतिर्दिम’ म्हणजे दात काढून घेतला. मराठीत ‘काढून घेतला’, ‘करवून घेतलं’ म्हणता येत असेल तिथे तुर्कीत हा प्रत्यय हवाच. एक्स-रे काढून घेतला तर र्योंतगेन चेकतिर्दिम. रस्त्यात कोणाला आपला फोटो काढायला सांगायचं असेल तेव्हा मात्र साधंच रूप: ‘फोतोराफिमिझि चेकेर मिसिनिझ?’ कारण काढणारा कर्ता समोरच उभा आहे.

इंग्रजीत मूल वडिलांना ‘टेक आफ्टर’ करतं, त्यालाही चेकमेकच. ‘बाबासिना चेकमिश’ म्हणजे वडिलांवर गेलाय. इथे मराठीचं ‘जाणे’ उपयोगी नाही, पण ‘-आ’ प्रत्यय आपल्या ‘वर’ची जागा घेतो हे लक्षात ठेवलं की रचना बसते.

औषध: तीन पर्याय, तिन्हींचे अर्थ वेगळे

हा भाग घाईत वाचू नये, कारण चुकीचा शब्द इथे खरोखर त्रास देऊ शकतो. औषधाला इलाच म्हणतात. आपला ‘इलाज’ हाच मूळ अरबी शब्द, अर्थ मात्र तिकडे उपचाराऐवजी औषध असा झाला आहे. ‘इलाच आल्दिम’ म्हणजे औषध विकत आणलं की पोटात घेतलं, हे वाक्यावरून ठरत नाही. डॉक्टरांशी बोलताना म्हणूनच उरलेले दोन शब्द वापरावेत.

पोटात घेतलं असेल तर इचमेक, म्हणजे पिणे. गोळीसुद्धा तुर्कीत ‘पितात’: हाप इचमेक. मराठीत फक्त पातळ औषध पितो, त्यामुळे हे कानाला विचित्र लागतं, पण तुर्कीत रोजचं आहे. रोज चालू असलेल्या औषधासाठी कुल्लानमाक, म्हणजे वापरणे. ‘कुल्लान्दिइनिझ बिर इलाच वार मि?’ हा प्रश्न आला की तो बीपी, मधुमेह, थायरॉइड अशा नेहमीच्या गोळ्यांबद्दल आहे असं समजावं आणि सगळ्या सांगाव्यात. आज सकाळी काय घेतलं एवढंच सांगून थांबू नये. कधी घ्यायचं ते सांगताना ‘आच कार्निना’ म्हणजे उपाशीपोटी आणि ‘तोक कार्निना’ म्हणजे खाल्ल्यावर. हे दोन शब्द वहीत लिहून ठेवावेत.

गोळी गिळली असं सांगताना ‘हापि युत्तुम’ टाळा. त्या रूपाचा रूढ अर्थ ‘मी मेलो, आता माझं काही खरं नाही’ असा होतो.

जिथे मराठीचं ‘घेणे’ फसवतं

निर्णय. आपण निर्णय घेतो, निर्णय देतं ते न्यायालय. तुर्कीत साधा माणूसही निर्णय ‘देतो’: कारार वेर्दिम. कारार आलमाक चूक नाही, पण ते संचालक मंडळ, संसद, समिती यांच्या ठरावाला जास्त शोभतं. आईसक्रीम कोणतं हवं हे ठरवताना वेर्मेकच घ्यावं. कारार हा आपल्या ‘करार’चा सख्खा भाऊ असूनही अर्थाने वेगळा आहे, तेवढं भान ठेवावं.

विश्रांती. आपण सुट्टी घेतो, विश्रांती घेतो. तुर्कीत मोला वेर्मेक, शब्दशः थांबा देणे. ‘ओन दाकिका मोला वेरेलिम’ म्हणजे दहा मिनिटं थांबू या. पण साहेबांकडून रजा घ्यायची तर इझिन आलमाक, कारण इझिन म्हणजे परवानगी आणि ती खरोखरच कोणाकडून तरी मिळते.

परीक्षा. इथे मराठी जवळ नेते आणि शेवटच्या क्षणी चकवते. ‘परीक्षेला बसलो’ ही रचना उत्तम, कारण तुर्कीतही ‘परीक्षेला’च आहे: सिनावा गिर्दिम, क्रियापद तेवढं ‘शिरणे’. पण ‘परीक्षा दिली’चं शब्दशः ‘सिनावि वेर्दिम’ केलं तर अर्थ होतो पास झालो. निकाल लागायच्या आधी कोणाला असं सांगाल तर अभिनंदन होईल! शिक्षक परीक्षा घेतात त्याला सिनाव यापमाक.

भाग घेणे आणि काळजी घेणे यांत तर ‘घेणे’ उरतच नाही. पहिल्याला कातिलमाक, दुसऱ्याला बाकमाक म्हणजे पाहणे, आणि दोन्हींना ‘-आ/-ए’ लागतो: यारिश्माया कातिल्दिम म्हणजे स्पर्धेत भाग घेतला, केन्दिने इयी बाक म्हणजे स्वतःची काळजी घे. आपल्याकडेही म्हाताऱ्या आईवडिलांना ‘कोण बघतं?’ असं विचारतात, तेच हे पाहणं. फायदा घेण्यासाठी यारारलानमाक किंवा फायदालानमाक, दोन्हींना ‘-दान/-देन’. शब्दात आपला फायदा ऐकू येतो म्हणून ‘फायदा आलमाक’ असं जुळवू नये.

अनोळखी जोडी आली तर काय पाहायचं

शब्दकोशात क्रियापद शोधू नका, नाम शोधा. तुर्कीत क्रियापद ठरतं ते बहुतेक वेळा नामावरून. तुर्की भाषा संस्थेचा (तुर्क दिल कुरुमु, स्थापना १९३२) कोश इंटरनेटवर मोफत आहे. तिथे आलमाक उघडलात तर अर्थांची लांबच लांब यादी दिसेल आणि हाती काही लागणार नाही. त्याऐवजी मोला, कारार, सिनाव असा शब्द टाका. त्या नामाबरोबर रूढ झालेल्या जोड्याही तिथे दिलेल्या असतात. जोडी उतरवून घेताना नामाचा प्रत्ययही लिहा: ‘सिनाव + गिर्मेक’ नव्हे, ‘सिनावा गिर्मेक’. कोश हाताशी नसेल आणि मराठीत ‘घेणे’च येत असेल, तर वस्तू किंवा परवानगी कोणाकडून तरी आपल्याकडे आली का एवढं पाहा. आली असेल तर आलमाक बिनधास्त वापरा. नसेल तर शब्द थांबवा आणि समोरच्याला विचारा; दुकानदार असो की शेजारीण, ‘तुर्कचे नासिल देनिर?’ (तुर्कीत कसं म्हणतात?) एवढा प्रश्न पुरतो.