चर पास, झाकण नापास: घरामागच्या पाण्याच्या निचऱ्याचा पावसाळाभराचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. भिंतीलगतचं पाणी वाहून न्यायला खणलेला चर उत्तम. खडी, कापड, छिद्रांचा पाइप, सगळं ठणठणीत. पण अशा चरासाठी जो तयार संच विकत मिळतो, त्यात पाइपच्या टोकाला बसवायला जे हिरवं पॉप-अप झाकण येतं, ते घेऊ नका. फुकट मिळालं तरी बसवू देऊ नका. त्या झाकणापायी भर पावसात मागच्या भिंतीला पुन्हा पाणी लागलं, आणि त्याची दाद मागताना जो मनस्ताप झाला तो वेगळाच.

आमच्याकडचं दुखणं जुनं. मागचं अंगण घराकडेच उतरतं, माती चिकण, त्यात छपराच्या मागच्या उताराचं सगळं पाणी पन्हळीतून थेट जोत्याशी पडायचं. पाऊस थांबून दुसरा दिवस उजाडला तरी भिंतीलगतचं डबकं हलायचं नाही. आतून लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार), रंगाचे पोपडे, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलेलं. वॉटरप्रूफिंगवर पैसे घालून झाले होते. त्याने फरक पडला नाही आणि पडणारही नव्हता. बाहेर पाणी साचून राहिलं की ते दाबाने वाट काढतंच, लेप कितीही चांगला असला तरी. पाणी आधी भिंतीपासून दूर न्यायला हवं.

काही विकत घेण्याआधी एक चाचणी जरूर करा, तिला काहीच खर्च येत नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मग पट्टी लावून बघा तासाला पाणी किती उतरतं. अर्धा इंचही उतरत नसेल तर शोषखड्ड्याच्या नादी लागू नका. तो खड्डा पहिल्या मोठ्या पावसात भरेल आणि भरलेलाच राहील. आमच्या चाचणीच्या खड्ड्यात सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी जवळजवळ तेवढंच होतं. म्हणजे पाणी जिरवून चालणार नव्हतं, वाहूनच न्यायला हवं होतं.

सगळ्यात आधी केलं ते मातीचं काम. जोत्यालगत भराव टाकून, धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून), पहिल्या तीन मीटरमध्ये पंधरा सेंटिमीटर उतार घराबाहेरच्या दिशेने काढला. संच विकणारे हे कधीच सांगत नाहीत, कारण यात त्यांना विकायला काही नसतं. माझ्या मते निम्मा फायदा या मातीनेच दिला, आणि सगळ्या कामात सगळ्यात स्वस्तात हेच झालं.

मग चर. 100 मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, शंभराला एक उतार, खाली-वर-बाजूंनी धुतलेली खडी आणि बाहेरून न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं. कापड पाइपला मोज्यासारखं घातलेलं नाही, अख्ख्या चराला आतून अस्तर म्हणून लावलंय. चिकणमातीत हाच प्रकार बरा, कारण मोज्याचं क्षेत्रफळ कमी असतं आणि बारीक मातीने तो लवकर बुजतो. मिस्त्री छिद्रं वरच्या बाजूला ठेवायला निघाले होते, ती मी खाली करून घेतली. पाणी चराच्या तळापासून वर चढतं. छिद्रं खाली असतील तर ते पाइपात लवकर शिरतं, वर असतील तर पाइपाच्या उंचीएवढं पाणी पायाशी कायम साचलेलं राहतं. उताराच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. वीस मीटर चराला वीस सेंटिमीटर उतार म्हणजे बघताना सपाटच वाटतो. लेव्हल पाइप लावून दर थोड्या अंतरावर मोजायला लावलं. मिस्त्रींना कंटाळा आला, पण मध्येच खाली झुकलेली, पोट आलेली एक जागा खडी पडायच्या आत सापडली.

पन्हळीचं पाणी मात्र या चरात सोडलेलं नाही. त्याच्यासाठी शेजारून वेगळा, बंद पाइप आहे. बरेच जण पैसे वाचवायला दोन्ही एकाच पाइपात घालतात. ते करू नका. छपराचं पाणी छिद्रांच्या पाइपात सोडलं की जे पाणी पायापासून लांब न्यायचं तेच आपण पायाशी नेऊन मुरवतो.

दोन्ही पाइप अंगणाच्या खालच्या कडेला जातात. तिथे नव्वद अंशाचा कोपर, म्हणजे वळणाचा जोड, वर वळतो आणि जमिनीच्या बरोबरीला ते झाकण.

पहिल्या पावसांत मी खूश होते. जोरदार सर येऊन गेली आणि भिंतीलगतची जमीन तासाभरात चालण्याजोगी झाली. असं त्या जागी मी कधी पाहिलं नव्हतं. सफाईच्या तोंडाला (पाइप साफ करायला जमिनीवर ठेवलेल्या उघडता येणाऱ्या टोकाला) कान लावला की आत पाणी वाहताना ऐकू यायचं. त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग एका रात्री मोठा पाऊस लागला आणि पाणी पुन्हा जोत्याशी. बॅटरी घेऊन मागे गेले तर पन्हळीचा उभा पाइप जिथे जमिनीतल्या पाइपला जोडलाय, तिथून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. म्हणजे पाइप पूर्ण भरलेला आणि पुढे वाट बंद. अंगणाच्या टोकाला झाकणापाशी मात्र जेमतेम ओल.

आता झाकणाबद्दल. तळहाताएवढी गोल चकती, मधोमध खाली जाणारी एक दांडी, दांडीला स्प्रिंग, आणि कडेला चकती बसायची खाच. पाण्याचा दाब आला की चकती वर उचलली जाते, पाऊस थांबला की खाली बसते. कागदावर छान. प्रत्यक्षात त्या खाचेत गवताची मुळं शिरतात. आमच्याकडे गवताची बारीक पांढरी मुळं खाचेभोवती अख्खी फिरली होती आणि त्यांत चिकणमाती बसून तिचा घट्ट गोल तयार झाला होता. चकती बोटांनी उचलली जाईना, पेचकस घालून उचकटावी लागली. उचकटल्याबरोबर इतकं गढूळ पाणी उसळलं की मी कमरेपर्यंत भिजले. पाचएक मिनिटांत भिंतीकडची पातळी उतरली. सगळी यंत्रणा ठीक होती, फक्त तोंड बंद होतं.

संच विकणाऱ्यांकडे तक्रार केली. त्यांनी फोनवर आधी सांगितलं की पाइप लहान पडला असेल, मोठा घ्या. मी हिशोब सांगितला: छपराचा मागचा उतार साधारण 60 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तासाला 50 मिलिमीटर असा कोसळता पाऊस धरला तरी तासाला 3,000 लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटरही नाही. 100 मिलिमीटरचा गुळगुळीत पाइप या उतारावर त्याच्या कितीतरी पट पाणी नेतो. पाइप लहान कसा? त्यावर उत्तर आलं की जमीन खराब आहे. मग ठेकेदार आले आणि म्हणाले, "कापड तुंबलंय ताई, चर उकरून नवीन कापड टाकावं लागेल." म्हणजे सगळं काम पुन्हा, सगळा खर्च पुन्हा. त्यांच्यासमोर सफाईच्या तोंडातून होजपाइप सोडला आणि टोकाचं झाकण काढून ठेवलं. बघता बघता पाणी स्वच्छ, एकसारख्या धारेने बाहेर यायला लागलं. मग म्हणाले, "हे तंत्र नवीन आहे, थोडंफार असं होणारच." याचा मला खरोखर राग आला. अशा चरांबद्दल हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकी वकिलाने 1859 मध्ये सविस्तर लिहून ठेवलंय. तेव्हा प्लास्टिकचा पाइपही नव्हता. नवीन आहे ते फक्त हे झाकण.

वॉरंटी तुटण्या-फुटण्याची आहे, अडकणं हा म्हणे देखभालीचा विषय. बराच पाठपुरावा केल्यावर बदली झाकण आलं, तेच मॉडेल. तेही पावसाळा संपायच्या आत कडक झालं.

इथवरचं पावसाळ्यातच लिहून ठेवलं होतं. पुढचं सगळं आटल्यावर, शांतपणे तपासून लिहितेय, आणि काही मतं बदलली आहेत.

एक म्हणजे नालीदार पाइप, म्हणजे वळ्यावळ्यांचा, गुळगुळीत नसलेला. चरात ठेकेदारांनी नालीदार टाकला तेव्हा मी विरोध केला होता. आता पाझराच्या पाण्यापुरता माझा विरोध मावळलाय, कारण तिथे पाणी कमी आणि संथ असतं. पन्हळीच्या बंद पाइपला मात्र गुळगुळीत पीव्हीसीचाच आग्रह धरा. नालीदार पाइपाच्या वळ्यांमध्ये पानं-कचरा अडकतो, पाइपाची क्षमता घटते आणि तुंबल्यावर सळी घालून साफ करायला गेलं तर पाइपच फाटायची भीती असते.

दुसरं, राग फक्त चकतीवर काढून भागत नाही, खरी खोड तिच्याखालच्या कोपरात आहे. पाणी तिथे वर चढून बाहेर पडतं, म्हणजे कोपराच्या उंचीएवढं पाणी पाइपाच्या शेवटच्या भागात नेहमी उभंच राहणार. वाहतं पाणी तिथे मंदावतं आणि बरोबर आणलेला गाळ तिथेच टाकतं. पन्हळीच्या पाइपात निदान जोर तरी असतो. चराचा पाझर इतका हळू येतो की त्याने चकती कधी पूर्ण उघडतच नाही, पाणी कडेने झिरपत राहतं आणि गाळ मागे साठतो. कोपराच्या तळाला निचऱ्यासाठी बारीक छिद्र दिलेलं असतं आणि खाली खडी टाका असं पत्रकात लिहिलंय. आम्ही खडी टाकली होती. पण आजूबाजूला चिकणमाती असेल तर ती खडीही भरूनच राहते. उघडून पाहिलं तर आतल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि हे पाणी त्याहून जास्त दिवस उभं असतं. डबकं घालवायला केलेल्या कामात जमिनीखाली नवं डबकं तयार होतं, आणि वर झाकण असल्यामुळे ते दिसतही नाही. मला झाकणाचा इतका राग का येतो, ते यावरून कळेल.

शेवटी दोन्ही कोपर कापून टाकले. पाइप तसेच सरळ पुढे, अंगणाच्या कडेचा उतार जिथे उघडा पडतो तिथवर नेले आणि तोंडं मोकळी सोडली. तोंडाला गजांमध्ये अंतर ठेवलेली जाळी, उंदीर-बेडूक आत जाऊ नयेत म्हणून. बारीक जाळी नको, ती पानांनी बुजते. खाली दगडगोटे, म्हणजे पाण्याच्या धारेने माती उकरली जात नाही. पाणी आपल्याच हद्दीत पसरेल एवढी जागा पुढे सोडली आहे, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे तोंड केलेलं नाही. यात हलणारा एकही भाग नाही. नंतर अवकाळी पावसाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या. पाणी आलं, गेलं, तुंबलं नाही.

ज्यांची जागा पूर्ण सपाट आहे त्यांना हे जमणार नाही. त्यांना चेंबर आणि पंप लागेल. तिथे पंपाच्या खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेक वेळा शून्य उंचीला पंप किती पाणी फेकतो त्याचा असतो, पाणी वर चढवायचं असेल तर तो झपाट्याने घटतो. आणि वीज नेमकी वादळी पावसातच जाते, त्याची सोय आधी करा.

भिंतीचं विचाराल तर क्षारांचे जुने डाग ब्रशने घासून काढले, त्यानंतर नवे आलेले नाहीत. रंग मी मुद्दाम अजून दिला नाही. भिंत आतून पूर्ण सुकायला महिने लागतात, घाईने रंग दिला तर ओल आतच कोंडते.

तारे द्यायचे तर चराला पाच, कापड-खडीला पाच, झाकणाला आणि विक्रीनंतरच्या सेवेला एकही नाही. ऑर्डर देताना कोपर आणि झाकण वगळून बिल करायला सांगा. "संच आहे, सुटं देत नाही" म्हणाले तर संच घेऊ नका, पाइप, जोड आणि कापड सुटं कुठेही मिळतं. वाचलेल्या पैशात सफाईची तोंडं वाढवा. प्रत्येक वळणावर आणि सुरुवातीला एक, आटेदार झाकणाचं, जमिनीच्या वर दिसेल असं. तुंबलंय कुठे हे ठेकेदार सांगतील त्यावर अवलंबून राहावं लागत नाही, होजपाइप घालून स्वतः बघता येतं.

आमच्याकडे एक काम राहिलंय. जोत्यालगतचा भराव एका कोपऱ्यात दोन बोटं खचलाय. नवा भराव पहिल्या पावसाळ्यात बसतोच, त्यामुळे तिथला उतार पुन्हा सपाटीकडे आलाय. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिथे माती टाकून धुम्मस करून घेणार आहे. तुम्हीही हे काम करत असाल तर थोडी माती शिल्लक ठेवूनच मजुरांना सोडा.