‘पाचशे मैल चालवा, गाडी शिकेल’

न्यू जर्सीत नवी गाडी घेणाऱ्यांनी हे वाचाच. आमच्या नव्याकोऱ्या सात सीटरला पहिल्याच महिन्यात दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना हिसके बसू लागले. पुढे तर टर्नपाइकच्या, म्हणजे टोल महामार्गाच्या, रॅम्पवर पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, वेग काही येत नसे. मागून अठरा चाकी ट्रक, आणि आमची गाडी विचारात पडलेली.

डीलरचा सर्व्हिस अॅडव्हायझर फारच सज्जन. “ट्रान्समिशन नवीन आहे, तुमची चालवायची पद्धत शिकतंय. सॉफ्टवेअर अपडेट केलंय. पाचशे मैल चालवून बघा.” आता, हल्लीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्लचचा दाब हळूहळू जुळवून घेतात हे खरंच आहे. म्हणून तर थाप खपते. रिपेअर ऑर्डर, म्हणजे तक्रारीची आणि कामाची लेखी नोंद, मागितली, तर म्हणाला, “पार्ट काही बदललाच नाही, कागद कशाचा देऊ?”

ग्यानबाची मेख तिथेच होती. सदोष नव्या गाडीचे पैसे परत मिळवून देणारा इथला कायदा, म्हणजे लेमन लॉ, डिलिव्हरीपासून 24 महिने किंवा 24,000 मैल, यांतलं जे आधी संपेल तेवढाच काळ बघतो. तेवढ्यात एकाच दोषासाठी तीनदा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण 20 दिवस गॅरेजात पडून राहिली, तर दावा उभा राहतो. कागद नसेल तर प्रयत्न झाला हे दाखवणार कशावर? शिवाय परतावा देताना वापराचे पैसे कापतात: दोष घेऊन पहिल्यांदा गेलात तेव्हाचे मैल गुणिले किंमत, भागिले एक लाख. 40,000 डॉलरची गाडी हजार मैलांवर दाखवली असेल तर 400 डॉलर कापले जातात. तीच पहिली नोंद 6,000 मैलांवर झाली तर 2,400. ते ‘पाचशे मैल’ कोणाच्या खिशातून जातात बघा!

पुढच्या खेपांना कागद मिळाले, पण मी हिसका म्हणायचो आणि हे लिहायचे ‘थरथर’, नंतर ‘आवाज’, खाली ‘दोष आढळला नाही’. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या की दोष एकच राहत नाही, कळलं ना? मग त्यांच्या टेक्निशियनलाच शेजारी बसवून रॅम्पवर नेलं. त्यालाही हिसका बसला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, म्हणजे फॉल्ट कोड, ऑर्डरवर उतरेपर्यंत मी काउंटर सोडलं नाही.

लगेच कंपनीचा फोन: वाढीव वॉरंटी फुकट, वर थोडे पैसे, फक्त एक सही. त्या कागदात पुढचे सगळे दावे सोडल्याचं कलम दडवलेलं होतं. सही केली नाही. सर्टिफाइड मेलने पत्र पाठवलं, तेही डीलरला नव्हे, थेट कंपनीला. पत्र पोचल्यावर 10 दिवसांत दुरुस्तीची शेवटची संधी त्यांना द्यावी लागते. तीही वाया गेली, तेव्हा राज्याच्या लेमन लॉ युनिटकडे अर्ज केला. सुनावणीआधीच कंपनी परताव्याला तयार झाली.

कपात मात्र दुसऱ्या खेपेच्या मैलांवर धरली होती. पहिल्या खेपेला अॅडव्हायझरने पाठवलेला ‘गाडी तयार आहे’ हा टेक्स्ट आणि त्याच दिवशीचा ओडोमीटरचा फोटो पुढे केला, मगच आकडा खाली आला.