पिल्लांसाठी गावठी कोंबडी की ब्रॉयलरची पैदाशी कोंबडी?
बेळगाव भागात, खानापूर-निपाणीकडे, घरच्या अंड्यांवर पिल्लं काढायची तर मी गावठीच ठेवायला सांगेन. कोंबडीच्या अंडनलिकेत, गर्भाशय आणि योनी जुळतात तिथे, बारीक नळ्या असतात. कोंबड्याचे शुक्राणू त्यांत साठून राहतात आणि थोडे थोडे वर सुटतात. म्हणून कोंबडा वेगळा केल्यावरही दोन-तीन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. ब्रॉयलरच्या जड वाणात हा काळ सहसा आखूड. पिढ्यान्‌पिढ्या वजन बघून निवड झाली, त्यात फलनक्षमता मागे पडली; जड कोंबड्याला तर नीट चढताही येत नाही. पिल्लांचं वजन मात्र झपाट्याने वाढतं, तिथे गावठीचा टिकाव लागत नाही.

गावठीतही सगळ्या कोंबड्या सारख्या नसतात. कोंबडा नसतानाही फलित अंडी देत राहण्याच्या या गुणाची आनुवंशिकता (तो आईबापांकडून पिल्लांत उतरण्याचं प्रमाण) कमी, त्यामुळे एकाच कोंबडीच्या नोंदीवर निवड करू नका, तिच्या बहिणींचीही अंडी उजेडावर धरून तपासा. आणि कोंबडा बदललात तर तीन आठवडे तरी थांबा, नाहीतर जुन्याची पिल्लं नव्याच्या नावावर लागतील.