वाईत भाड्याने अकरा महिने: गाव सोडवत नाही, पण भिंतीने जीव खाल्ला

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री अडीचच्या सुमाराला धप्पकन आवाज आला. मला वाटलं छपरावरून माकड उतरलं असेल, लाइट लावला तर टेबलावर गिलाव्याचा दीड बाय दोन फुटांचा तुकडा, लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर, आणि भिंतीत जिथून तो सुटला तिथे ओली पांढरी माती दिसत होती. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. सकाळी मालक काका वरून खाली आले, बघितलं आणि पहिलं वाक्य काय तर, "ताई, तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे आत वाळत घालता, त्याने झालंय हे. डिपॉझिटमधून बघावं लागेल." तीस हजार डिपॉझिट आहे माझं. त्या दिवशी रागाच्या भरात या अनुभवाचा पहिला अर्धा भाग लिहिला होता, बाकीचा आत्ता ऑक्टोबरमध्ये लिहितेय, आणि मधल्या काळात माझं मत बरंच बदललंय, म्हणून दोन्ही ठेवते.

वाई म्हणजे काय हे सांगत बसत नाही, घाट, देवळं, मेणवली, पाचगणी वर अर्ध्या तासावर, हे सगळ्यांना माहीत आहे. मी घरून अकाउंटचं काम करते, पुण्यात दोन खोल्यांना अठरा हजार देत होते, इथे घाटाजवळच्या आळीत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे पडवी, सामाईक चौक, हे सगळं साडेसहा हजारात मिळालं. मागच्या नोव्हेंबरात बघायला आले तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत होतं, भिंतींना नुकताच क्रीम कलरचा ऑइलपेंट मारलेला, खाली चकचकीत शहाबादी फरशी. मी अगदी खूश. जुना वाडा पण एकदम मेन्टेन केलेला, असं बहिणीला फोनवर सांगितलं पण होतं. हीच माझी मोठी चूक, पुढे कळेल.

गावाबद्दल थोडक्यात सांगते कारण तक्रारच नाहीये. सोमवार ते शुक्रवार इतकी शांतता असते की दुपारी शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू येतं. शनिवार-रविवार महाबळेश्वरच्या गाड्यांनी मेन रोड तुंबतो, पौषात मांढरदेवच्या यात्रेला तर चारचाकी बाहेर काढायचीच नाही, पण आळीत आत त्यातलं फारसं काही येत नाही. इंटरनेट चाललं, लाइट पावसात जाते, इन्व्हर्टर लागतोच. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला आणि तो एक दिवसाचा नसतो हे मला माहीतच नव्हतं, एका घाटाचा संपला की दुसऱ्या घाटाचा, सात घाट, प्रत्येकाचे दिवस वेगळे. पहिल्याच घाटाला शेजारच्या काकूंनी हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. मराठी विश्वकोशाचं काम जिथून चाललं, १९७६ साली ज्याचा पहिला खंड आला, ते गाव हेच, आणि ते जाणवतं. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला गर्दी करणारी माणसं मी दुसरीकडे इतक्या लहान गावात बघितली नाहीत. संध्याकाळी काम संपवून घाटावर जाऊन बसणं ही माझ्या आयुष्यातली गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात चांगली सवय आहे.

आता भिंत.

जूनच्या शेवटी फरशीच्या वर वीतभर उंचीवर पेंटला फुगे आले. मी फोडले तर आत पांढरी बारीक पूड, मिठासारखी. काकांना सांगितलं, ते म्हणाले पावसाळा आहे, नदी जवळ आहे, चालायचंच. मीही मान्य केलं, कारण वरच्या धोम धरणातून पाणी सोडलं की नदी घाटाच्या पायऱ्या चढते हे डोळ्यांनी बघत होते, वाटलं ओल तिथूनच येत असणार. मग मी स्वतःच्या पैशाने अठ्ठावीसशे रुपयांचं आतून मारायचं वॉटरप्रूफिंग आणलं, दोन हात मारले, कमरेपर्यंत. तीन आठवडे छान दिसलं. मग ओल कमरेच्या वर, छातीपर्यंत दिसायला लागली! जिथे आधी काहीच नव्हतं तिथे. आणि ऑगस्टमध्ये छातीच्या उंचीवरूनच तो तुकडा पडला.

त्या रात्री जे लिहिलं होतं ते असं: "जुन्या वाड्यात भाड्याने राहू नका, फोटोत छान दिसतं, मातीच्या भिंती पावसात टिकत नाहीत, स्वस्त आहे ते याच्यासाठीच." हे मी आता मागे घेते, कारण दोष मातीचा नव्हताच.

झालं असं की मी डिपॉझिटसाठी भांडायचं ठरवलं आणि पुरावा पाहिजे म्हणून गावातल्या एका वयस्कर गवंडी मामांना पाचशे रुपये देऊन भिंत बघायला बोलावलं. मामांनी पेंट बघितला, बोटाच्या पेराने भिंत ठोकत ठोकत खोलीभर फिरले, जिथे जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने गोल केला, एकूण अकरा गोल, मग पडलेला तुकडा उचलून मला दाखवला. मागून ओला, पुढून कोरडा. "शिमिट हाय ह्ये. पांढऱ्या मातीच्या भितीला शिमिट चालत न्हाई ताई. पाणी खालनं येतंय, त्याला भायेर पडायला वाट न्हाई." मग खाली बसून फरशीवर हात ठेवला आणि विचारलं, ही कधी टाकली. काका म्हणाले सात-आठ वर्षं झाली, त्याच वेळी भिंती पण "पक्क्या" करून घेतल्या.

मी त्यानंतर यावर इतकं वाचलं आणि इतक्या लोकांना विचारलं की घरचे कंटाळलेत, पण हे भाड्याने घर घेणाऱ्याला कोणीच सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. जमिनीतली ओल भिंतीत वर चढतेच, वात जसं तेल ओढते तसं माती आणि जुन्या भाजक्या विटा पाणी ओढतात. आधी या खोल्यांत शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीला चुन्याचा गिलावा होता, दोन्हीतून ती ओल हळूहळू हवेत उडून जायची, म्हणून भिंत पायाशी थोडी दमट राहिली तरी वर कोरडी असायची. फरशी सिमेंटमध्ये बसवली, जमिनीचं तोंड बंद झालं, तिथलं पाणी भिंतीकडे गेलं. भिंतीला सिमेंट आणि वर ऑइलपेंट, ते तोंडही बंद. मग पाणी वाट शोधत वर वर जातं, बरोबर जमिनीतले क्षार नेतं, ते गिलाव्याच्या मागे सुकून खडे धरतात आणि गिलाव्याला ढकलून सोडवतात. त्याला लोणा म्हणतात, ती पांढरी पूड म्हणजे तोच. आणि माझं वॉटरप्रूफिंग म्हणजे उरलेलं तोंडही मीच बंद केलं, म्हणून ओल कमरेवरून छातीवर गेली. अठ्ठावीसशे रुपये देऊन मी भिंतीचं नुकसान वाढवलं याचं मला आजही फार वाईट वाटतं. पण कपडे वाळत घालण्याचा आणि या तुकड्याचा काही संबंध नाही, तेवढं नक्की. त्याने हवा दमट होते, भिंत आतून चिखल होत नाही.

एका संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, मागची भिंत माशासारखी निमुळती केलीये, पुराचं पाणी आपटू नये, दोन्ही अंगांनी फाटून जावं म्हणून. अडीचशे वर्षांहून जास्त काळ नदी तिला धडकतेय. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी १८२४ चं आहे, म्हणजे देवळानंतर ६२ वर्षांनी. ज्यांनी हे बांधलं त्यांना पाणी अडवता येत नाही, त्याला वाट द्यावी लागते, हे कळत होतं, आणि त्याच गावातल्या माझ्या खोलीत आपण ते विसरलो, म्हणून मला इतकं लागलं ते.

डिपॉझिटचं सांगते, कारण बऱ्याच जणांना उपयोग होईल. माझा करार रजिस्टर केलेला होता, लहान गावात लोक "कशाला, आपण घरचेच" म्हणून टाळतात, टाळू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवरचं वर्षाचं १० टक्के व्याज त्या भाड्यात धरतात, माझी ड्युटी दोनशेच्या आसपास बसली. एवढ्यासाठी कोणी कंजुषी करू नये, मी स्वतः पै न् पै बघणारी आहे आणि तरी सांगतेय. त्या करारात डिपॉझिटमधून नुकसान कापण्याच्या ओळीत मी "नैसर्गिक झीज वगळून" हे शब्द घालून घेतले होते. काकांच्या पुढे ती ओळ आणि मामांचे अकरा गोल ठेवले. पहिल्या दिवशी आवाज चढले, त्यांचेही आणि माझेही. दुसऱ्या दिवशी काकू चहा घेऊन खाली आल्या, खोलीत बसल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अहो, आपल्या सासूबाईंच्या वेळी ही भिंत कधी अशी नव्हती हो." त्यानंतर काका मऊ झाले. माणूस वाईट नाहीये, त्यांना सात वर्षांपूर्वी कोणीतरी पक्कं करून घ्या म्हणून साठ हजारांचं काम गळ्यात मारलं होतं, ते गेले हे कबूल करायला वेळ लागतो.

शेवटी ठरलं असं: फक्त नदीकडची भिंत, चौदा फूट लांब आणि पाच फूट उंचीपर्यंत, सिमेंट काढून चुन्यात करायची. एकूण खर्च ९,८००, त्यातले ६,८०० काकांचे, ३,००० माझे, बदल्यात पुढचे अकरा महिने भाडं तेच आणि डिपॉझिटला हात नाही. मी आधी एक रुपया देणार नव्हते, पण पाचशे रुपये महिना वाढ नक्की होती, हिशेब केला, अकरा महिन्यांचे साडेपाच हजार वाचतात, दिले.

सप्टेंबरमध्ये मामांनी छिन्नीने सिमेंट उतरवलं, हळूहळू, कारण जोरात मारलं तर मागची माती निघून येते. मग महिनाभर भिंत उघडी ठेवली. मला वाटलं टाळाटाळ करतायत, दोनदा फोनवर चिडले पण, तर ते म्हणाले सुकू दे, घाई केली तर पुन्हा तेच. उघड्या भिंतीवर लोणा रोज यायचा, तो ओल्या फडक्याने पुसायचा नाही, क्षार विरघळून परत आत जातो, कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकायचा. त्यांनी एका ड्रममध्ये कळीचा चुना भिजवून मुरत ठेवला होता, लोण्यासारखा झाला, मग चाळलेली वाळू मिसळून तीन थर, प्रत्येक थरानंतर काही दिवस थांबायचं आणि मधे मधे पाणी शिंपडायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्याला महिने लागतात, म्हणून अजूनही नखाने जोरात ओरखडलं तर रेघ उठते. वर रंग नाही, फक्त चुन्याची सफेदी.

फरक? कुबट वास पंधरा दिवसांत गेला. कपाटातल्या फायलींना बुरशी येत होती ती थांबली. पायाशी चार बोटं भिंत अजून गार लागते, मामा म्हणतात तेवढी राहणार, फरशी आहे तोवर. मला चालतं.

तुम्ही जुनं घर बघायला जाणार असाल तर नोव्हेंबर ते मेमध्ये जाऊन खूश होऊ नका, जमलं तर सप्टेंबरात जा. नवीन ऑइलपेंट दिसला तर दहा वेळा विचार करा, कपाट पुढे ओढून मागे बघा, फरशीच्या वर दोन हात भिंत ठोकत फिरा, मालक हसले तर हसू देत. पापुद्रे सुटलेली जुनी सफेदी मला आता चकचकीत भिंतीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. आतून वॉटरप्रूफिंग अजिबात मारू नका, पैसे वाया जातातच आणि भिंतही जाते.

दुसऱ्या भिंतीवर मामांच्या खडूचे सात गोल अजून तसेच आहेत. तिचं दिवाळीनंतर बघू असं काका म्हणालेत, मी नवीन करारात १५ डिसेंबर ही तारीख लिहून घेतलीये.