ठेव विम्याचा आढावा: बँक अडचणीत आली तर पाच लाख खरंच हातात येतात का?

नागपुरात महाल, इतवारी, धरमपेठ, कुठल्याही शाखेत जा, काउंटरच्या काचेवर किंवा पासबुकाच्या मागच्या पानावर एक ओळ असते: ‘ठेवी 5 लाखांपर्यंत विमा संरक्षित’. हे संरक्षण डीआयसीजीसी, म्हणजे ठेव विमा महामंडळ, देते. ही रिझर्व्ह बँकेची संपूर्ण मालकी असलेली संस्था आहे. तिच्या सेवेसाठी ठेवीदाराला अर्ज करावा लागत नाही की पैसे भरावे लागत नाहीत. हप्ता बँक भरते. 2020 साली तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला 10 पैशांवरून 12 पैसे झाला आणि तो ग्राहकाकडून वसूल करायला बँकेला मनाई आहे.

सरळ सांगायचं तर सेवा खरी आहे, पैसे मिळतात, आणि 2021 नंतर ते बऱ्यापैकी लवकर मिळतात. तरीही पाचपैकी तीनच गुण द्यावेसे वाटतात. एक गुण कापला तो मर्यादेसाठी. दुसरा कापला तो अन्यायासाठी: मोठी बँक अडचणीत आली की सगळ्यांचे सगळे पैसे वाचतात, आणि लहान सहकारी बँक अडचणीत आली की ठेवीदाराला पाच लाखांची रेघ दाखवली जाते.

येस बँकेवर 5 मार्च 2020 ला निर्बंध आले आणि खात्यातून 50,000 रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. स्टेट बँकेने 6,050 कोटी घातले, इतर खासगी बँकांनीही भर घातली आणि 18 मार्चला निर्बंध उठले. ठेवीदाराचा एक रुपयाही गेला नाही. बुडाले ते एटी-वन रोखे (बँकेचे मुदत नसलेले, जास्त जोखमीचे रोखे) घेणारे, सुमारे 8,415 कोटींना. स्टेट बँकेचा पैसा शेवटी तिच्याच ठेवीदारांचा आणि सरकारचा. सरकारी बँकांच्या बुडीत कर्जांची भोकं बुजवायला 2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत केंद्राने तीन लाख कोटींहून जास्त भांडवल ओतलं. त्यातला मोठा हिस्सा रोख्यांच्या रूपात होता आणि त्या रोख्यांचं व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जातं, म्हणजे करातून.

आता पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक बघा. निर्बंध आले 23 सप्टेंबर 2019 ला. सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, ती वाढत वाढत जून 2020 मध्ये एक लाखावर गेली. बँकेचं विलीनीकरण झालं ते थेट 25 जानेवारी 2022 ला, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत. पाच लाखांवरच्या वैयक्तिक ठेवीदाराला मिळालं एक वेळापत्रक: पहिल्या वर्षाअखेर 50,000 पर्यंत, दुसऱ्या वर्षाअखेर आणखी 50,000, तिसऱ्या वर्षी एक लाख, चौथ्या वर्षी अडीच लाख, पाचव्या वर्षी साडेपाच लाख आणि उरलेले दहा वर्षांनी. शिवाय 31 मार्च 2021 पासून पुढची काही वर्षं व्याज नाही. संस्थात्मक ठेवींचे विम्यावरचे 80 टक्के पैसे तर प्रेफरन्स शेअरमध्ये बदलले गेले. बँक बुडाली ती एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेल्या कर्जांत. ज्याने ते कर्ज दिलं नाही, घेतलंही नाही, त्या ठेवीदाराने दहा वर्षं थांबायचं. लोकांचा संताप इथे आहे आणि तो अगदी योग्य आहे.

तरी सहकारी बँक म्हणजे पैसे गेलेच, असंही नाही. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी 2025 मध्ये निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सगळ्या ठेवी नव्या बँकेने घेतल्या. सक्षम बँक पुढे आली की मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. पण कोणी पुढे येईल का, हे ठेवीदाराच्या हातात नसतं. त्याच्या हातात एवढंच असतं की बँक सुरळीत चालू असतानाच पैसे नीट वाटून ठेवायचे. निर्बंध आल्यानंतर ठेवी तोडून घरच्यांच्या नावावर करून काही साधत नाही.

म्हणून मोजणी कशी होते ते नीट समजून घ्या. पाच लाख प्रत्येक ठेवीला नाहीत, प्रत्येक शाखेलाही नाहीत. एका बँकेत एका व्यक्तीच्या नावावरचं बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ठेव असं सगळं एकत्र धरलं जातं. सीताबर्डी शाखेत तीन लाख आणि सदर शाखेत तीन लाख असतील तर ते सहा लाख धरले जातात, मिळतात पाच. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साडेसात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने एक वर्षासाठी 4,90,000 ठेवले तर मुदतीअखेर ते 5,27,797 होतात. त्या टोकाला बँक कोसळली तर वरचे 27,797 विम्याबाहेर. त्याच दराने तीन वर्षांसाठी 4,00,000 ठेवले तर 4,99,887 होतात, म्हणजे काठावर बसतात. पण त्याच बँकेत बचत खात्यात दहा हजार पडलेले असले की हिशेब पुन्हा बिघडतो. दोन वर्षांच्या एफडीला सव्वाचार लाख टाकले तर 4,93,094 होतात. एका बँकेत बचत खात्यासकट तेवढ्यावर थांबणं शहाणपणाचं.

मोजणीचा एक नियम ठेवीदाराच्या बाजूचा आहे आणि फार कमी लोक तो वापरतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की विम्यासाठी ते वेगळं खातं ठरतं. नवऱ्याचं एकट्याचं, बायकोचं एकटीचं, आधी नवरा मग बायको, आणि आधी बायको मग नवरा: या चारही खात्यांना स्वतंत्र पाच-पाच लाख, म्हणजे एकाच बँकेत वीस लाख. अज्ञान मुलाचं पालकाने चालवलेलं खातंही वेगळं धरलं जातं. भागीदारी फर्मचं खातं भागीदारांच्या वैयक्तिक खात्यांपासून वेगळं. मालकी हक्काच्या दुकानाचं मात्र तसं नाही. इतवारीतल्या होलसेलवाल्याचं दुकानाच्या नावाचं चालू खातं आणि त्याच्या स्वतःच्या नावाची एफडी एकत्रच मोजली जाते.

आणि बँकेचं तुमच्याकडे येणं असेल तर ते आधी वळतं होतं. एफडीवर उचललेलं ओव्हरड्राफ्ट किंवा थकलेलं कर्ज ठेवीतून कापून उरेल त्या रकमेवर पाच लाखांची मर्यादा लागते. सहकारी बँकेतून कर्ज घेताना जे शेअर घ्यावे लागतात ते ठेव नव्हेत. त्यांना विमा नाही.

आता पैसे मिळण्याची वाट. 2021 च्या दुरुस्तीआधी विम्याचा पैसा निघायचा तो बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक (बँक गुंडाळणारा अधिकारी) नेमला गेल्यावरच. त्यामुळे निर्बंधांखालची बँक वर्षानुवर्षं लोंबकळत राहायची आणि ठेवीदारही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला सप्टेंबर 2022 मध्ये. 1 सप्टेंबर 2021 पासून डीआयसीजीसी कायद्याचं कलम 18अ लागू झालं आणि घड्याळ निर्बंधांच्या दिवसापासूनच सुरू व्हायला लागलं. पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या 30 दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि उरलेल्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. एकूण 90 दिवस. विलीनीकरणाची बोलणी चालू असली तर ही मुदत आणखी 90 दिवसांनी वाढू शकते, आणि तेव्हा ठेवीदाराला कोणी विचारत नाही. व्याज धरलं जातं ते निर्बंधांच्या तारखेपर्यंतचं. या सेवेत झालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिचं श्रेय रस्त्यावर उतरलेल्या ठेवीदारांना द्यायला हवं.

अडतं कुठे? विम्याचे पैसे हवेत असं लिहून द्यायच्या संमतीपत्रावर. महामंडळ ठेवीदाराशी थेट व्यवहार करत नाही. त्याचं कार्यालय मुंबईत आहे आणि नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेत जाऊन दावा भरता येत नाही. सगळं आपल्याच बंद पडत चाललेल्या शाखेतून करायचं असतं. तिथे एक छापील फॉर्म मिळतो. त्यात खातेदाराचं नाव, सगळ्या खात्यांचे क्रमांक, मोबाइल, पॅन, आधार आणि ज्या दुसऱ्या बँकेत पैसे हवेत त्या खात्याचा क्रमांक व आयएफएससी कोड लिहून सही करायची. सोबत केवायसीच्या प्रती आणि दुसऱ्या खात्याचा रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान जोडलं की काम सोपं होतं. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

फॉर्म परत येतो तो ठरलेल्या कारणांनी. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. वीस वर्षांपूर्वीची सही आणि आजची थरथरती सही जुळत नाही. संयुक्त खात्यात एकाचीच सही. दुसऱ्या बँकेत खातंच नाही. खातेदार वारलेला आणि नामनिर्देशन नाही, मग वारसा दाखल्यासाठी धावाधाव. केवायसी जुनं असलं की नाव पहिल्या यादीत येत नाही आणि पुरवणी यादीची वाट बघावी लागते. दाव्याचं काय झालं ते महामंडळाच्या संकेतस्थळावर ‘दावा सूचक’ सुविधेत मोबाइल नंबर टाकून बघता येतं, पण नंबर बँकेकडे नोंदलेला असेल तरच.

निर्बंध आले की त्याच दिवसापासून एटीएम, यूपीआय आणि धनादेश अडकतात. त्या खात्यातून जाणारा घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, एसआयपी परत जायला लागतात आणि दंड दुसरीच संस्था लावते. म्हणून हप्त्याचा मँडेट पहिल्याच दिवशी दुसऱ्या खात्यावर फिरवा. पेन्शन ज्या खात्यात येते तेही बदलून घ्या. नाहीतर नवी आलेली पेन्शनही मर्यादेत अडकते.

नागपूरकरांनी आणखी दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. पहिली जिल्हा बँक. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत 2002 साली सरकारी रोख्यांच्या खरेदीच्या नावाखाली सुमारे 150 कोटी दलाल कंपन्यांकडे गेले. ना रोखे आले, ना पैसे. खटल्याचा निकाल लागला 22 डिसेंबर 2023 ला. बँकेला परवाना मिळत नव्हता. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्राने देशातल्या अशा 23 जिल्हा बँकांसाठी, त्यात नागपूर, वर्धा आणि बुलढाणा, 2,375.42 कोटींची योजना मंजूर केली. केंद्र, राज्य आणि नाबार्ड अशा तिघांचा हा पैसा, म्हणजे तुमचा-आमचाच. बँक वाचली हे चांगलंच झालं, शेतकऱ्याला दुसरी सोय नव्हती. पण अफरातफरीचं भोक करदात्याने भरायचं आणि जबाबदारी ठरायला एकवीस वर्षं लागायची, हा क्रम चुकीचा आहे.

दुसरी पतसंस्था. इथे विमा शून्य आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 खालची पतसंस्था असो की बहुराज्य क्रेडिट सोसायटी, कोणालाही डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. बाहेरची पाटी, आतला काउंटर, पासबुक आणि रोज दुकानावर येणारा पिग्मी एजंट, सगळं बँकेसारखंच दिसतं. व्याज बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त मिळत असेल तर तो या नसलेल्या विम्याचा मोबदला समजा. शंका असेल तर डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधा. 1 सप्टेंबर 2023 पासून विमाधारक बँकेला आपल्या संकेतस्थळावर महामंडळाचं चिन्ह आणि क्यूआर कोड ठेवावा लागतो.

पाच लाखांची मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 ची आहे. त्याआधीची एक लाखाची 1993 पासून 27 वर्षं तशीच राहिली होती. मार्च 2024 अखेर देशातली 97.8 टक्के खाती पूर्ण संरक्षित होती, पण रकमेच्या हिशेबाने 43.1 टक्केच ठेवी विम्याखाली होत्या. पहिला आकडा सरकार सांगतं. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे वीस-पंचवीस लाख एकाच बँकेत ठेवणारा निवृत्त माणूस दुसऱ्या आकड्यात मोडतो. ही मर्यादा महागाईशी जोडून दर काही वर्षांनी आपोआप वाढायला हवी, आणि ज्येष्ठांच्या निवृत्तीच्या रकमेला वेगळं, जास्तीचं संरक्षण हवं.

सोसायटीच्या सचिवांसाठी शेवटचं. गृहनिर्माण संस्था म्हणजे विम्यासाठी एकच ठेवीदार. शंभर सदनिकांच्या सिंकिंग फंडाचे साठ लाख एका सहकारी बँकेत असतील तरी संरक्षण पाच लाखांचंच, सदनिकेमागे पाच हजार. वार्षिक सभेपुढे बँकेचा अहवाल ठेवा. निव्वळ एनपीए (थकीत कर्जं) 6 टक्क्यांच्या वर आहे का, भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) त्या बँकेला लागू असलेल्या 9 किंवा 12 टक्क्यांच्या खाली आहे का आणि लागोपाठ दोन वर्षं तोटा आहे का, हे तपासा. यातलं एकही लागू होत असेल तर मुदत संपणाऱ्या एफडीचं नूतनीकरण थांबवा आणि पैसे सहकारी संस्था कायद्याच्या कलम 70 मध्ये (संस्थेने निधी कुठे गुंतवावा ते सांगणाऱ्या) बसतील अशा दोन-तीन बँकांत फोडण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्या.